नियम बदलला म्हणजे

खेळांच्या वार्ता हा या सदराचा विषय नव्हे, आणि मोटारींच्या शर्यतींविषयीं चार शब्द लिहावे अशी कोणा वाचकाची फर्माईशही आम्हांस आलेली नाहीं. तथापि एका शर्यतीच्या निमित्तानें आमच्या घरांत जो वाद झाला, तो केवळ आमच्याच घरापुरता नाहीं असें आम्हांस वाटतें. म्हणून तो वाचकांपुढें ठेवतों.

२०२५ चा जून महिना. वटपौर्णिमा होऊन चार दिवस झाले होते. शनिवारीं सायंकाळीं साडेसात वाजतां, देवापुढें दिवा लागत असतांनाच, आमच्या पुतण्यानें मुलुंडच्या घरीं बाहेरच्या खोलींत दूरचित्रवाणीचा संच लावला. फ्रान्समधील ल मां येथें चोवीस तासांची मोटार-शर्यत सुरू होत होती. जेवणें झालीं, अंथरुणें पडलीं, पहाटे दूध आलें, रविवारची दुपारची वामकुक्षीही झाली, तरी गाड्या आपल्या फिरतच होत्या. शेवटीं आमच्या मातोश्रींनीं विचारलें, "अरे, एवढें फिरून हे लोक जातात तरी कोठें?" पुतण्या म्हणाला, "कोठेंच नाहीं आजी, निघाले तेथेंच येतात." "मग घरींच बसावयाचें होतें," असें म्हणून त्या जपास बसल्या.

ज्यांस ही शर्यत ठाऊक नाहीं त्यांच्यासाठीं थोडें सांगितलें पाहिजे. १९२३ च्या मे महिन्यांत ती प्रथम झाली. हल्लीं एक फेरा सुमारें साडेतेरा किलोमीटरांचा असतो, आणि त्या मार्गाचा बराच भाग एरवीं गांवकऱ्यांच्या रहदारीचा रस्ता आहे. एका गाडीस बहुधा तीन चालक. एक थकला कीं दुसरा बसतो, परंतु गाडी थांबावयाची ती इंधन, चाकें आणि दुरुस्ती यांपुरतीच. आमच्याकडे अखंड नामसप्ताहांत वीणा खालीं ठेवीत नाहींत, ती एकाच्या गळ्यांतून दुसऱ्याच्या गळ्यांत जाते, तशीच कांहींशी ही रीत. चोवीस तासांत ज्या गाडीचें अंतर अधिक भरेल ती जिंकली. म्हणजे येथें नुसत्या वेगास किंमत नाहीं; कारखान्यानें गाडी किती टिकाऊ बांधली याची ती परीक्षा आहे, आणि म्हणूनच मोठमोठे कारखानदार तीवर अपार पैसा खर्च करतात.

परंतु गाडी कशी असावी हें सर्वस्वीं कारखानदाराच्या हातीं नसतें. वजन किती, इंजिन केवढें, एका फेऱ्यांत किती शक्ति खर्चावी, इत्यादि गोष्टी नियमपुस्तकांत लिहिलेल्या असतात. तें पुस्तक ल मांचा मोटार क्लब आणि आंतरराष्ट्रीय मोटार महासंघ यांच्या हातीं असतें. मध्यरात्रीच्या सुमारास पुतण्या म्हणाला, "ही शर्यत अर्धी रस्त्यावर जिंकतात आणि अर्धी नियमपुस्तकांत." शेजारीं त्याचे वडील, म्हणजे आमचे थोरले बंधु अण्णा, बसले होते. ते इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, "आणि मरतात तेंही नियमपुस्तकांतच." वादास येथून प्रारंभ झाला.

अण्णांचें म्हणणें समजण्यास त्यांची हकीकत सांगितली पाहिजे. लालबहादुर शास्त्री मार्गावरून कुर्ल्याहून घाटकोपर, भांडुप करीत मुलुंडास येणाऱ्या वाचकांस ठाऊक आहे कीं जेथें पूर्वीं कारखान्यांचे भोंगे वाजत, तेथें आतां उंच इमारती उभ्या आहेत. त्याच रस्त्याच्या आंतल्या अंगास एका औद्योगिक वसाहतींत अण्णांचा एक गाळा आहे. तीस वर्षें त्यांनीं तेथें दुचाकींच्या कार्बोरेटरांसाठीं पितळेचे जेट कातून दिले. जेट म्हणजे केसाएवढ्या छिद्राची पितळी नळी. तींतून पेट्रोल किती जावें हें ठरतें. अकरा माणसें कामास होतीं. २०१६ च्या जानेवारींत सरकारनें जाहीर केलें कीं धुराच्या नियमांची पांचवी पायरी गाळून १ एप्रिल २०२० पासून एकदम सहावी लागू होईल. नवा नियम पाळावयाचा तर कार्बोरेटर जाऊन त्याच्या जागीं संगणकानें इंधन मोजून देणारी यंत्रणा येणार, हें जाणत्यांस दिसत होतें. अण्णांच्या मुख्य गिऱ्हाइकानें मात्र, त्याचें नांव येथें नको, "काळजी करूं नका, जुना माल लागतच राहील," असें पुनःपुन्हा सांगितलें; आणि अण्णांनीं विश्वास ठेवला. २०२० उजाडलें. नव्या गाड्यांची मागणी थांबली. जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांपुरती थोडी उरली. अकरांचीं चार माणसें झालीं. गाळा विकत घेण्यास एक बांधकामवाला आतां टपून बसला आहे, आणि चिरंजीवांस यंत्रशास्त्राची पदवी घेऊन पुण्यास नोकरी मिळण्याची आशा आहे. गाळा विकावा कीं ठेवावा, हा आमच्या घरापुढचा प्रश्न त्या रात्रीं संचासमोर बसला होता.

पुतण्यानें मग वडिलांपुढें शर्यतीचा इतिहास मांडिला. त्यांतील कांहीं भाग वाचकांनींही ऐकण्यासारखा आहे.

११ जून १९५५ रोजीं ल मां येथें एक गाडी उडून प्रेक्षकांत पडली आणि ऐंशींहून अधिक माणसें प्राणास मुकलीं. मर्सिडीज-बेंझनें त्या वर्षाअखेर शर्यतींतून अंग काढून घेतलें. स्वित्झर्लंडनें तर अशा शर्यतींवर बंदीच घातली. मनुष्याच्या जिवासाठीं नियम बदलला तर कारखानदाराच्या नुकसानीची कथा कोणी सांगूं नये, हें उघड आहे.

परंतु सगळेच बदल इतक्या स्वच्छ कारणानें होत नाहींत. १९६८ सालीं असें ठरलें कीं खास शर्यतीसाठीं बांधलेल्या गाडीस तीन लिटरांचें इंजिन असावें. पांच लिटरांचें हवें असेल तर तशा किमान पन्नास गाड्या बांधून दाखवाव्या. पुढें ही संख्या पंचवीसवर आणली. इतक्या महाग गाड्या एकदम कोण बांधतो, असाच सर्वांचा समज होता. पोर्शेनें १९६९ च्या एप्रिलांत श्टुटगार्टच्या आपल्या आवारांत पंचवीस गाड्या एका रांगेंत उभ्या करून दाखविल्या! १९७० व १९७१ हीं दोन्ही वर्षें त्याच गाडीनें ल मां जिंकलें. आणि १९७२ पासून पांच लिटरांचा तो वर्गच बंद झाला.

माझ्दा या जपानी कंपनीची कथा याहून चटका लावणारी आहे. इतरांच्या इंजिनांत दट्टे वरखालीं होतात. माझ्दाच्या इंजिनांत त्रिकोणी चकती फिरते. वर्षानुवर्षें ती कंपनी तें इंजिन घेऊन ल मांस जात राहिली. १९९१ सालीं ती जिंकली, आणि हा मान मिळविणारी ती पहिली जपानी कंपनी ठरली. पण नवे नियम आधींच ठरलेले होते: पुढें सर्वांनीं साडेतीन लिटरांचें दट्ट्यांचेंच इंजिन वापरावयाचें. म्हणजे विजयाच्या दिवशींच त्या इंजिनाचे दिवस भरले होते. नव्या नियमाचें फळ काय, तर तें इंजिन इतकें खर्चाचें झालें कीं गाड्या घटत गेल्या आणि १९९२ नंतर ती जागतिक स्पर्धाच बंद पडली. नियम करणारांनीं कारखानदारांस बोलावण्यासाठीं नियम केला, आणि कारखानदार त्याच दारानें निघून गेले.

पुढें २०१४ सालीं नवें पर्व सुरू झालें. प्रत्येक फेऱ्यास इंधन मोजून मिळूं लागलें आणि पेट्रोल वा डिझेल इंजिनाच्या जोडीस विजेची शक्ति आली. ऑडी, पोर्शे व टोयोटा यांनीं अचाट गाड्या बांधल्या. पण खर्चही अचाट. २०१६ च्या अखेरीस ऑडी गेली, २०१७ च्या अखेरीस पोर्शे गेली, आणि टोयोटा मोठ्या कारखानदारांत एकटी उरली. मग २०२१ पासून नियम स्वस्त केले, आणि वेगवेगळ्या धाटणीच्या गाड्या बरोबरींत याव्या म्हणून महालक्ष्मीच्या घोड्यांप्रमाणें बलवानावर वजन लादण्याची व्यवस्था केली. त्यामुळें कारखानदार परतले. फेरारी पन्नास वर्षांनीं सर्वांत वरच्या वर्गांत आली आणि २०२३, २०२४ व २०२५ अशीं लागोपाठ तीन वर्षें जिंकली.

परंतु त्या २०२३ सालींच एक गोष्ट घडली. शर्यतीस अवघे दहा दिवस उरले असतांना मंडळानें टोयोटाच्या गाडीवर ३७ किलो आणि फेरारीच्या गाडीवर २४ किलो वजन वाढविलें. कित्येक महिने ज्या गाडीचें वजन तोळ्या-माशानें कमी करण्यांत गेले, तीवर एका कागदानें एवढें ओझें आलें. टोयोटाचे लोक उघड नाराज झाले.

येथें अण्णा ताडकन उठून बसले. "दहा दिवस तरी होते!" ते म्हणाले. "२९ मार्च २०१७ आठवतो का?" आम्हांस आठवत होता. त्या दिवशीं सर्वोच्च न्यायालयानें आज्ञा केली कीं धुराच्या तिसऱ्या पायरीच्या गाड्या १ एप्रिलपासून विकतां येणार नाहींत. बंदी नव्या उत्पादनास आहे, आधीं बांधलेला माल विकतां येईल, अशी कारखानदारांची समजूत होती. आठ लाखांहून अधिक गाड्या शिल्लक होत्या, आणि हातांत मध्यें दोनच दिवस. लोकांच्या फुप्फुसांपेक्षां कारखानदाराचा शिलकी माल मोठा नाहीं, हें न्यायालयाचें म्हणणें आम्हांस मान्य आहे. पण त्या दोन दिवसांत दुकानांपुढें लागलेल्या रांगा आणि कवडीमोलानें गेलेल्या दुचाकी पाहिल्या, तेव्हां नियम स्पष्ट नसला म्हणजे काय होतें तेंही आम्हीं पाहिलें.

"मग अण्णा," पुतण्या हलकेच म्हणाला, "तुम्हांस तर चार वर्षें होतीं."

खोलींत कोणी बोललें नाहीं. वहिनी चहाचे पेले उचलावयास आल्या होत्या, त्या तशाच उभ्या राहिल्या. मुलानें बापास असें बोलावें कीं न बोलावें, याविषयीं आमच्या वाचकांत मतभेद होतील. आमचेंही मत त्या क्षणीं ठरलें नव्हतें. अण्णा मात्र रागावले नाहींत. ते बऱ्याच वेळानें म्हणाले, "होतीं खरीं. मीं तीं दुसऱ्याच्या शब्दावर काढलीं."

त्यानंतरचें बोलणें अधिक शांतपणें झालें, आणि तें आपल्या उपनगराकडे वळलें. कांदिवलीच्या आकुर्ली रस्त्यानें जाणारांस महिंद्रांचा कारखाना परिचयाचा आहे. त्याच कंपनीनें २०११ सालीं मोटारसायकलींच्या जागतिक शर्यतींत १२५ सी.सी.च्या वर्गांत पाऊल टाकलें, आणि दुसऱ्याच वर्षीं तो वर्ग बंद होऊन २५० सी.सी.च्या चार-टप्पी इंजिनांचा नवा वर्ग आला. घेतलेलें शिक्षण एका वर्षांत जुनें झालें! नव्या नियमाचें पहिलें वर्ष कंपनीस फार वाईट गेलें. पण तिनें नवा जोडीदार घेऊन गाडी पुन्हा मुळापासून बांधविली; २०१३ सालीं मलेशियांत तिसरें स्थान मिळविलें, आणि २६ जून २०१६ रोजीं हॉलंडांतील आसेन येथें फ्रान्चेस्को बन्याया याच्या हातीं ती गाडी जिंकली. २०१७ नंतर कंपनीनें ती शर्यत सोडली.

विजेच्या मोटारींच्या 'फॉर्म्युला ई' शर्यतींत ही कंपनी २०१४ च्या पहिल्या दिवसापासून आहे. त्या गाड्या कांदिवलीस बांधीत नाहींत, त्यांचें काम इंग्लंडांत चालतें, हें सांगितलें पाहिजे. परंतु नांव आणि पैसा मुंबईचा. आरंभीं बॅटरी अर्धीच शर्यत टिके. चालक मध्येंच उतरून दुसऱ्या भरलेल्या गाडींत बसे. २०१८ च्या अखेरीस दुसऱ्या पिढीची गाडी आली आणि एकच बॅटरी शेवटपर्यंत पुरूं लागली. टिकाऊपणाची परीक्षा ल मांस चोवीस तासांची, येथें पाऊण तासाची. पण परीक्षा तीच. २०२३ सालीं तिसरी पिढी आली: गाडी हलकी, पुढच्या चाकांसही यंत्र, आणि थांबतांना गमावलेली शक्ति परत बॅटरींत. तेंच वर्ष या कंपनीस जड गेलें. फेब्रुवारींत केपटाउन येथें मागच्या चाकांच्या जोडणीविषयीं शंका आली, तेव्हां तिनें शर्यतीपूर्वींच आपल्या दोन्ही गाड्या मागें घेतल्या. तिचें यंत्र विकत घेणाऱ्या दुसऱ्या संघानेंही तेंच केलें. दोनच आठवड्यांपूर्वीं हैदराबादेस स्वदेशांतली पहिली शर्यत झालेली, सगळ्यांचे डोळे लागलेले, आणि गाड्या मागें घ्यावयाच्या! पण चालकाचा जीव धोक्यांत घालण्यापेक्षां लाज पत्करली. पुढें दोन वर्षें दुरुस्ती करीत २०२४-२५ च्या हंगामांत त्याच संघानें चौथें स्थान मिळविलें.

नियम बदलतो तेव्हां तो गाडी हाकणारापेक्षां बांधणारास अधिक लागतो. चालक दुसऱ्या गाडींत बसूं शकतो. बांधणाराचें हत्यार, सांचा, हाताची सवय, हें सारें जुन्या नियमाच्या मापाचें असतें. म्हणून नियम करणाराकडून तीन गोष्टींची अपेक्षा करणें अन्यायाचें नाहीं: कारण सांगावें, मुदत द्यावी, आणि सर्वांस सारखेंच माप लावावें. आणि मुदत मिळाल्यावर ती स्वतःच्या डोळ्यांनीं वाचणें, हें बांधणाराचें काम.

हें आम्हांस कोणा फ्रेंच मंडळापाशीं शिकावें लागलें नाहीं. आमच्या घरीं पूर्वीं गणपति पांच दिवसांचा असे. घरांतल्या सुना नोकरीस जाऊं लागल्या, रजा मिळेना, तेव्हां आमच्या आजीनें एका वर्षीं विसर्जनाच्या आरतीनंतर सर्वांस थांबवून सांगितलें, "पुढल्या वर्षापासून दीड दिवसाचा. मुलींच्यानें होत नाहीं, आणि हाल करून केलेली पूजा देवास नको." पुण्याच्या आत्यांस, डोंबिवलीच्या काकांस, सर्वांस एक वर्ष आधीं कळलें. गुरुजींसही कळविलें. कुरकुर झाली, भांडण झालें नाहीं. याच आजीनें दुसऱ्या एका वर्षीं ऐन चतुर्थीच्या आदल्या दिवशीं नैवेद्याचा बेत बदलला होता, तेव्हां मात्र धाकट्या सूनबाई दोन दिवस बोलल्या नव्हत्या. नियम तोच, घर तेंच, फरक मुदतीचा.

गाळ्याचें काय झालें, हें वाचक विचारतील. रविवारीं सायंकाळीं साडेसातला शर्यत संपली. पिंवळी फेरारी जिंकली. तीही कारखान्याच्या स्वतःच्या संघाची नव्हे, तर त्याच कारखान्यांत बांधलेली खासगी संघाची गाडी. अण्णांनीं संच बंद केला आणि चिरंजीवास म्हणाले, "विजेच्या गाडीच्या त्या खिळीला पितळच लागतें ना?" भारभरणीच्या जोडांत पितळेच्या व तांब्याच्या कातीव खिळ्या लागतात, हें पुतण्यानें त्यांस महिन्यापूर्वींच सांगितलें होतें, तेव्हां अण्णांनीं ऐकल्याचें दाखविलें नव्हतें.

गाळा अद्याप विकलेला नाहीं. पुतण्यानें पुण्याच्या नोकरीस एक वर्षाची मुदत मागितली, ती मिळाली नाहीं, नोकरी गेली. वहिनींस त्याचें वाईट वाटतें आणि त्या तें बोलूनही दाखवितात. नमुन्यादाखल पाठविलेल्या पहिल्या मालापैकीं निम्मा परत आला, कारण नव्या कामांत माप अधिक बारीक लागतें आणि जुना लेथ तेवढें धरीत नाहीं. सोडून गेलेल्या कारागिरांपैकीं दोघे मात्र परत आले आहेत. हा उद्योग जमेल कीं फसेल हें आम्ही आज सांगूं शकत नाहीं, आणि जमला नाहीं तर गाळा विकावा लागेल हें अण्णाही जाणतात.

एक गोष्ट मात्र आम्ही रोज पाहतों. त्या भारभरणीच्या जोडांविषयींचें मानक अण्णांनीं छापून घेतलें आहे. रात्रीं जेवणानंतर चष्मा लावून ते त्यांतील एकेक पान वाचतात, अडलें तें मुलास विचारतात, आणि जेथें पुढील बदलाची तारीख दिली आहे तेथें तांबड्या पेन्सिलीनें खूण करतात. मग तें पुस्तक भिंतीवरच्या पंचांगाशेजारीं त्याच खिळ्यास अडकवितात. एकादशी केव्हां आहे हें पाहावयास गेलेल्या मातोश्रींच्या हातीं परवां चुकून तेंच आलें.